घोडा जाईल तिथवर

"हे बेट आजपासून माझं," सरदार रेजिनाल्ड घोड्यावरूनच म्हणाला, "तुमची अर्धी मेंढरं उद्या माझ्या गढीत आली पाहिजेत."

इनिशदारा बेटावरची माणसं हातातलं काम टाकून गोळा झाली. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळचं हे चिमुकलं बेट. इथे कधी कुणाचं राज्य नव्हतं. भांडणं म्हातारा फर्गल मिटवायचा, बाकीचं समुद्र बघून घ्यायचा. पण इंग्लंडच्या राजाने समोरचा किनारा या रेजिनाल्डला देऊन टाकला होता आणि वर भर दरबारात म्हटलं होतं, "तुझा घोडा खूर न भिजवता जिथवर जाईल, तिथवरची जमीन तुझी." तेव्हापासून रेजिनाल्ड घोडा दामटत होता. आज ओहोटीने मधली खाडी आटली, खडकांची रांग उघडी पडली आणि घोडा टापा वाजवत थेट बेटावर आला.

फर्गल पुढे झाला. "सरदारसाहेब, आमचे वाडवडील इथेच..."

"वाडवडिलांकडे घोडे होते का?"

"नव्हते."

"मग प्रश्न मिटला. मेंढरं येईपर्यंत तू माझ्याकडे ओलीस. चल."

फर्गलची मुलगी सोर्खा हातातलं दुधाचं भांडं खाली ठेवून आली. पलीकडच्या बाजारात लोकर विकता विकता ती सरदारांची भाषा शिकली होती, आणि त्यांची घासाघीसही.

"बेट माझं नाही, असं तुमच्याच तोंडून वदवलं तर?"

रेजिनाल्डला मजा वाटली. "वदव. मी निघेपर्यंत वेळ आहे तुला. नाही जमलं, तर अर्धी नाही, सगळी मेंढरं नेईन."

फर्गलने तिची बाही ओढली. सोर्खा मात्र म्हणाली, "कबूल. पण उपाशीपोटी कसला वाद? आधी जेवा."

तिने मटणाचा रस्सा वाढला, जवाची गरम भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला. सरदार इंग्लंडच्या आतल्या मुलखातला. समुद्राची त्याला सवय नव्हती, जेवणाची मात्र भरपूर होती. त्याने रस्सा पुन्हा मागितला, मग पुन्हा. शेवटी मिशा पुसत तो उठला.

"पोरी, रस्सा झकास होता. वाद राहूनच गेला. मी निघतो."

"निघा ना. घोडा तयार आहे."

रेजिनाल्ड बाहेर आला आणि थबकला. खडकांची रांग गायब! गढी आणि बेट यांच्यामध्ये हिरवंगार पाणी उसळत होतं.

"होडी आणा," तो गुरगुरला.

"आणते. पण राजाने होडीचं नाव घेतलं नव्हतं, घोड्याचं घेतलं होतं. इथून तुमचा घोडा खूर न भिजवता जाईल तेवढं तुमचं. म्हणजे हे बेट तुमचं, साहेब. आम्ही हरलो."

"आणि माझी गढी?"

"तिथे कुठे जातोय घोडा?"

रेजिनाल्डची नजर पाण्यावरून पुढे गेली. पलीकडे गढीच्या बुरुजावर त्याचा मेहुणा रॉजर उभा होता. रेजिनाल्डच्या जमिनीवर त्याचा किती डोळा आहे, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं.

"त्यांच्याकडे चांगला घोडा आहे म्हणे," सोर्खा भाबडेपणाने म्हणाली. "हाक मारून सांगू का, गढी मोकळी झाली म्हणून? वारा तिकडेच वाहतोय." तिने तोंडाशी हात नेलेसुद्धा.

"थांब! घोड्याचा नियम खाडीच्या त्या काठापर्यंतच. बेट माझं नाही!"

"जरा मोठ्याने, साहेब. बाबांना कमी ऐकू येतं."

"बेट माझं नाही!" रेजिनाल्ड ओरडला, आणि आपलाच आवाज ऐकून त्याला असं हसू फुटलं, की त्याला घोड्याच्या मानेचा आधार घ्यावा लागला.

हसू ओसरल्यावर त्याने अंगरख्याची सोन्याची पिन काढून सोर्खाच्या हातावर ठेवली.

"ही बेटासाठी नाही," तो हळूच म्हणाला. "मेहुण्याला यातलं काही सांगणार नाहीस, त्यासाठी."