धुक्याची लेकरं

या, इकडे सरका. पाय पांघरुणात घ्या. अस्सं. आता डोळे मिटले तरी चालतील, कान तेवढे माझ्याकडे राहू द्यात.

एकदा काय झालं, लांब रोमानिया नावाच्या देशात, डोंगराच्या पार कुशीत, मुन्चेल नावाचं एक गाव होतं. लाकडाची घरं, उतरती छपरं, आणि भोवती देवदारासारखी उंच, काळीभोर झाडं, मधूनमधून पानझडीचीही. गाव मेंढपाळांचं. आपल्याकडे धनगर असतात ना, तसेच. कुणाच्या घरी मेंढ्या जास्त, कुणाच्या घरी कमी. पण गावाचा कळप एकच.

बर्फ वितळून हिरवं गवत वर आलं की कळप डोंगरावर निघायचा. निघायच्या आधी मोठी गंमत असायची, बरं का. सगळा गाव कुरणावर जमायचा. घरोघरच्या मेंढ्यांच्या धारा काढायच्या आणि दूध एका लाकडी भांड्यानं मापायचं. ज्याचं जेवढं दूध, तेवढा त्याचा उन्हाळाभराच्या चीजमधला वाटा. मग गाणी व्हायची, नाच व्हायचा, आणि मग मेंढपाळ कळप घेऊन वर जायचे.

वर माथ्यावर त्यांचा वाडा. वाडा म्हणजे काय, एक लाकडी खोपटं आणि पुढे मेंढ्यांसाठी कुंपण. वर पोचल्या पोचल्या मेंढपाळ दोन लाकडं एकमेकांवर घासून विस्तव पाडायचे. तो विस्तव खाली उतरेपर्यंत विझू द्यायचा नाही. विझला तर कळपाचं बरं होत नाही, असं ते मानायचे.

तर या गावात साफ्ता नावाची एक बाई होती. तिचा नवरा गाव्रिल हा वाड्याचा म्होरक्या. उंचापुरा, कमी बोलणारा, पण मनानं फार मऊ. घरी सासू होती, पारास्किवा तिचं नाव. मूलबाळ नव्हतं. साफ्ताला दोन गोष्टी छान यायच्या. एक म्हणजे लोकर कातणं. कमरेला काठी खोचायची, काठीच्या टोकाला लोकरीचा पुंजका, आणि चालता चालता सूत काढायचं. दुसरी म्हणजे शिंग वाजवणं. लाकडाचं, माणसापेक्षा लांब असं शिंग असतं तिथे. तिथल्या बायका ते फुंकतात. साफ्तानं अंगणातून शिंग फुंकलं की वरून गाव्रिलचं शिंग उत्तर द्यायचं. संध्याकाळचं त्यांचं बोलणं ते एवढंच. पण साफ्ताला तेवढ्यानं घर भरल्यासारखं वाटायचं.

एका वर्षी काय झालं, उन्हाळा निम्मा सरला आणि डोंगरावर धुकं उतरलं. धुकं काय, नेहमीच उतरतं. पण हे उठेचना. आज उठेल, उद्या उठेल, म्हणता म्हणता झाडांची पानं पिवळी झाली. कळप खाली यायची वेळ आली आणि गेली. साफ्ता रोज शिंग फुंकायची. वरून उत्तर नाही. गावातले पुरुष शोधायला गेले. ते धुक्यात शिरायचे, चालत राहायचे, आणि जिथून शिरले तिथूनच बाहेर पडायचे. आता बर्फ पडणार होतं. बर्फ पडलं की वरची वाट बंद. मग वरची माणसं वरच.

साफ्तानं सासूला सांगितलं, मी जाते. सासू आधी नको म्हणाली. मग तिनं मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवला, तिकडे तीच भाकरी, आणि फडक्यात बांधून दिला. साफ्तानं मेंढीच्या कातड्याचा कोट घातला, शिंग खांद्यावर घेतलं, कमरेला लोकरीची काठी खोचली आणि सकाळीच डोंगर चढू लागली.

चढता चढता धुकं आलं. आधी पायाशी, मग गुडघ्याशी, मग डोळ्यांशी. सगळं पांढरं. साफ्तानं शिंग फुंकलं. आवाज बाहेर आला, पण कापसासारखा मऊ होऊन तिथेच खाली बसला. मग तिनं नवऱ्याला हाका मारल्या. हाका ओल्या होऊन तिच्याच पदरात परत आल्या. मग मात्र ती एका दगडावर बसली. रडू आलं होतं, पण हातांना रिकामं बसायची सवय नव्हती. हात आपोआप काठीकडे गेले आणि तिनं सूत कातायला घेतलं.

कातते, कातते, तर लोकर संपेचना. सूत गार, ओलं, चांदीसारखं. आणि तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं, "हळू गं पोरी. माझे केस ओढतेयस."

साफ्तानं पाहिलं, तर समोर एक म्हातारी. सगळं अंग धुक्याचं. केस डोंगरभर पसरलेले. तिथले लोक धुक्याला नेगुरा म्हणतात. ही तीच, नेगुरा म्हातारी.

साफ्ता घाबरली, बरं का. पण तिनं सूत सोडलं नाही. हात जोडून तिनं विचारलं, आजी, आमची माणसं कुठे आहेत, आमचा कळप कुठे आहे. म्हातारीनं केस जरा बाजूला सारले. तर काय, वाडा तिथेच होता. मेंढ्या कुंपणात निजलेल्या. मेंढपाळ जागोजागी निजलेले. गाव्रिल तेवढा विस्तवापाशी बसला होता. मधूनच एक लाकूड आत सरकवायचा. डोळे उघडे, पण त्यांत काही नाही. साफ्तानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

साफ्तानं हात मागे घेतला. ती म्हातारीकडे वळली आणि म्हणाली, आमच्या माणसांनी तुमचं काय वाईट केलं होतं.

तेव्हा म्हातारी सांगू लागली. तिला म्हणे पुष्कळ लेकरं होती. छोटी छोटी, पांढरी पांढरी. एक दिवस खेळता खेळता ती दरीत उतरली. वर ऊन आलं, आणि लेकरं दिसेनाशी झाली. म्हातारी वाट बघत राहिली. मग एके दिवशी हिरव्या उतारावर तिला पांढरं पांढरं काहीतरी हलताना दिसलं. तिला वाटलं, आली माझी लेकरं. म्हणून तिनं सगळ्यांना पोटाशी घेतलं. सोबत माणसं आली तर आली. "आता नाही सोडायची," म्हातारी म्हणाली. "एकदा सोडली तर काय होतं, पाहिलंय मी."

साफ्ताला राग यायला हवा होता. पण येईना. तिनं म्हातारीच्या मांडीवर निजलेल्या एका कोकराकडे पाहिलं. म्हातारी त्याला आपल्या गार हातानं थोपटत होती आणि ते झोपेत कुडकुडत होतं.

साफ्ता म्हणाली, "आजी, ही तुमची लेकरं नव्हेत. तुमची लेकरं मी पाहिली आहेत. आमच्या गावाच्या नदीवर पहाटे येतात. पाण्यावर धावतात. चला, दाखवते."

म्हातारीनं कोकराला आणखी जवळ घेतलं. मग म्हणाली की मी खाली आले तर उन्हात विरून जाईन. साफ्तानं सांगितलं की मी तुम्हाला काठीवर गुंडाळून नेते, वरून कोट घालते, ऊन लागू देणार नाही. म्हातारीनं विचारलं, "आणि तिथे नसली तर?"

"नसली तर मी वर येऊन तुमच्यापाशी राहीन. तुमची लेक म्हणून. पण या सगळ्यांना सोडा."

म्हातारीला ते पटलं. ती म्हणाली की तीन पहाटा बघीन, जास्त नाही. मग साफ्तानं ती डोंगराएवढी म्हातारी हळूहळू काठीवर गुंडाळली. एवढंसं बोचकं झालं, बघा. हलकं, गार. त्यावर कोट घालून, बाळाला आणावं तशी ती म्हातारीला खाली घेऊन आली. डोंगरावर म्हातारीचे केस तेवढे राहिले होते. त्यांनी वाट अजून धरून ठेवली होती.

पहिल्या पहाटे दोघी नदीवर गेल्या. पण वारा सुटला होता. पाणी नुसतं काळं, लखलखतं. वर काहीच नाही. म्हातारी कोटात परत आत सरकली.

दुसऱ्या पहाटे आभाळ भरलेलं, हवा कोंदट, उबदार. नदीवर एक पांढरा ठिपका नाही. म्हातारी कोटाच्या आत बारीक आवाजात रडली. आणि साफ्ताच्या लक्षात आलं की बोचकं कालच्यापेक्षा हलकं झालंय. म्हातारी खाली राहून वाळत चालली होती.

त्या दिवशी सासू तिला चुलीपाशी घेऊन बसली आणि हळूच म्हणाली, "साफ्ता, अगं उद्या तिला उन्हात ठेव. घटकाभराचं काम. तिचे वरचे केसही विरतील, आपली माणसं मोकळी होतील. माझाही लेक आहे वर."

खरं होतं ते. सोपंही होतं. साफ्तानं दाराबाहेर पाहिलं. ढग फाटून चांगलं ऊन पडलं होतं. ती उठली, काठी हातात घेतली, दारापर्यंत गेली. तिथे जरा थांबली. मग परत फिरली. "आत्याबाई," ती म्हणाली, "मला माझा माणूस हवाय, तिला तिची लेकरं हवीत. मी तिला बाळासारखी आणलीय. अशी उन्हात नाही टाकवत."

सासूनं त्या बोचक्याकडे पाहिलं. डोळे पुसले, उठली आणि गार पाण्याचा तांब्या घेऊन आली. मग दोघींनी मिळून त्या बोचक्यावर थेंब थेंब पाणी शिंपडलं. संध्याकाळपर्यंत शिंपडत राहिल्या. म्हातारी आत ऐकत होती की नाही, कोण जाणे.

तिसऱ्या पहाटे कडाक्याची थंडी पडली. गवत पांढरं झालेलं. वारा नाही, ढग नाही. साफ्ता काठी पोटाशी धरून नदीकाठी उभी राहिली. दात वाजत होते. आज नाही आली तर परत चढायचं होतं, कायमचं. ती पाण्याकडे बघत राहिली, बघत राहिली.

आणि मग, बरं का, पाण्यातून एक इवलासा पांढरा पुंजका वर आला. हलला. पुढे गेला. मग दुसरा, मग तिसरा, मग किती ते मोजूच नका. सगळ्या नदीभर पांढरी पांढरी लेकरं. कुणी पाण्यावर घसरतंय, कुणी लव्हाळ्यात लपतंय, कुणी कुणाला ढकलतंय. साफ्तानं कोटाची एक बाही वर केली.

म्हातारीनं पाहिलं. ओरडली नाही, काही नाही. हळूच म्हणाली, "वाढली गं. चांगली वाढलीत."

मग ती काठीवरून आपणहून सुटू लागली. सुटत सुटत नदीवर पसरली. लेकरं तिच्या अंगावर चढली, केसांत शिरली. ऊन यायच्या आत ती सगळ्यांना घेऊन उठली आणि डोंगराकडे निघाली. जाता जाता साफ्ताच्या गालावरून तिचा ओला हात फिरला. तिनं सांगितलं की लेकरांना नदी आवडते, तर पहाटे आणीन मी त्यांना. तुमच्या वाटेत नाही येणार.

म्हातारी वर गेली आणि तिनं डोंगरावरचे आपले केस गोळा केले. झाडं दिसली. कडे दिसले. पिवळ्या पानांनी भरलेली वाट दिसली. साफ्ता शिंग फुंकायलाही थांबली नाही. धावतच सुटली.

अर्ध्या वाटेवर घंटा ऐकू आल्या. पुढे कुत्री, मागे मेंढ्या, आणि मेंढ्यांच्या मागे गाव्रिल. डोळे चोळत, इकडेतिकडे बघत येत होता. पिवळी झाडं बघून चक्रावला होता बिचारा. साफ्ता समोर उभी राहिली. तिला धीर होईना. पुन्हा विचारलं, तुम्ही कोण, तर?

गाव्रिलनं तिच्याकडे पाहिलं. मग आपली जाड टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. "साफ्ता," तो म्हणाला, "अगं, एवढ्या थंडीत तू कोटाशिवाय कशी आलीस?"

कोट नदीकाठीच राहिला होता. साफ्ताला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं सांगितलं, सगळं सांगते, आधी घरी चला.

मग काय, कळप गावात आला. ज्याच्या त्याच्या मेंढ्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. उन्हाळ्याचं चीज वाटून झालं. पारास्किवानं मोठं पातेलं चढवलं आणि अख्ख्या गावाला गरम गरम जेवू घातलं. त्याच संध्याकाळी पहिलं बर्फ पडलं. पण आता सगळे घरात होते. दारं लावलेली, चुली पेटलेल्या, मेंढ्या गोठ्यात एकमेकींना टेकून निजलेल्या. साफ्ता आणि गाव्रिल पुढे खूप वर्षं सुखात राहिले.

झाली गोष्ट. मेंढ्या निजल्या, कोकरं निजली, धुक्याची लेकरंही आईपाशी निजली. आता तुम्हीही निजा बघू. मी थोपटते.