रिकाम्या पातेल्यातली पळी

एकदा एका वृद्ध कीर्तनकार बाईंकडे त्यांची शिष्या सकाळीच तणतणत आली. आख्यान कसे रंगवावे, हे ती त्यांच्याकडे शिकत होती. बाईंना सगळे माई म्हणत.

"माई, काल पोरीला मारलं मी," ती म्हणाली. "पणजीची गोष्ट सांगत होते, तर मध्येच विचारते, पणजीला भूक नव्हती का लागत? दिली एक ठेवून. कालपासून बोलत नाही माझ्याशी."

ही गोष्ट त्या घरात आईकडून लेकीकडे आलेली होती; माईंनीही ती शिष्येकडून ऐकली होती. पणजी सगळ्यांना वाढून शेवटी बसे. बहुधा काही उरलेले नसे. मग ती रिकाम्या पातेल्यात पळी वाजवत राही, म्हणजे ओसरीवर पान खात बसलेल्यांना वाटावे, ती जेवते आहे. शिष्येच्या आईने ही गोष्ट तिला शाळेतून काढताना सांगितली होती, डोळे पुसत पुसत. आणि काल शिष्येने ती लेकीला सांगितली, कारण लेकीने खिरीची वाटी भावाएवढीच मागितली होती! अशा गोष्टी आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्या आपण कौतुकाने सांगतो, याचाच संताप येतो.

माई एवढेच म्हणाल्या, "आज उत्सवाची पंगत आहे. वाढायला लाग."

शिष्या दुपार टळेपर्यंत वाढत होती. शेवटी ती पाटावर बसली, तेव्हा माईंनी तिच्यापुढे ताटाऐवजी रिकामे पातेले आणि पळी ठेवली.

"वाजव. बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

गोंधळून तिने पळी फिरवली. माई ओसरीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "केवढा त्याग! साक्षात अन्नपूर्णा!" ढेकर देत बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या.

शिष्येने पळी आदळली. "थट्टा काय करता, माई? सकाळपासून राबतेय. मला भूक लागलीय!"

"हेच!" माई कडाडल्या. "हेच वाक्य तुझ्या पणजीच्या गोष्टीतून कुणी काढलं? ओसरीवरच्यांची पोटं भरली होती, म्हणजे घरात अन्न होतं. तिला उपाशी ठेवणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती. आपण त्यांची लाज झाकली आणि तिची आरती ओवाळली. वर आयांनीच ती गोष्ट लेकींच्या गळी उतरवली. इतक्या पिढ्यांत एकीनेच विचारायचं ते विचारलं, आणि तिला तू मारलंस."

माईंनी झाकून ठेवलेले ताट पुढे सरकवले. शिष्येने त्याला हात लावला नाही.

"बांधून द्या, माई. घरी लेकीबरोबर जेवते."

घरी मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. आईने दोन ताटे वाढली. खिरीच्या वाट्या सारख्याच भरल्या आणि ती समोर बसली.

"लागायची," ती म्हणाली. "पणजीला भूक लागायची. फार लागायची."

मुलगी वळली. "मग तिनं मागितलं का नाही?"

"मागितलं असेल गं," आई म्हणाली. "आपल्याला ते कुणी सांगितलं नाही."

मुलीने ताट जवळ ओढले.