सदोबाच्या आतला चोर

पळसखोरी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात सदोबा लिगाडे नावाचा एक भोळा माणूस होता. भोळी माणसं गावोगाव असतात. पण सदोबा असल्यामुळे पळसखोरीला दुसऱ्या कुणाची गरज पडली नव्हती.

तो ग्रामपंचायतीत कामाला लागला तेव्हा सरपंच म्हणाले, "सदोबा, उद्यापासून सकाळी तू पाणी सोडायचं." सदोबानं घरी जाऊन बायकोला सांगितलं, "उद्यापासून सकाळी मला पाणी देऊ नको. सोडलं." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सदोबा तहानेनं आडवा झाला होता आणि अख्खं गाव कोरड्या नळाशी हंडे घेऊन उभं होतं. मग कुणीतरी त्याला चावी दाखवली, फिरवून दाखवली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्याचं पाणी एक दिवस चुकलं नाही. एकदा सांगितलेलं सदोबा कधी विसरायचा नाही. खरी पंचाईत तीच होती.

निवृत्त झाल्यावर तो दिवसभर बायकोच्या, तानूबाईच्या, मागे मागे फिरू लागला. "हे काय? ते कशाला? यात मीठ कधी घालणार?" शेवटी तानूबाई कावली.

"अहो, माझं डोकं खाऊ नका! कुठंतरी जाऊन चार माणसांत बसा."

"चारच का?"

"पाचांत बसा. पण जा."

त्याच सुमाराला आगवणे बाई पुण्याहून परत आल्या होत्या. बाई म्हणजे गावच्या शाळेच्या जुन्या हेडबाई. लेकीकडे राहिल्या तेव्हा नातवंडांकडून एक खेळ शिकून आल्या. टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी राजकन्या, कुणी मांत्रिक. अवघड वेळ आली की फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर निभावलं, लहान आला तर फजिती. जिंकणं नाही, हरणं नाही, पैसा तर नाहीच नाही. गावातली म्हातारी माणसं पारावर बसून एकमेकांची दुखणी ऐकतात, त्यापेक्षा हे बरं, असं बाईंच्या मनात आलं.

वाचनालयाच्या अध्यक्षांनी कुरकुरत मागची खोली दिली. "बघा बाई, एक तक्रार आली तरी खोली परत घेणार."

बाईंनी बाहेरच्या फळ्यावर लिहिलं, "साठीच्या पुढच्यांसाठी गोष्टीचा खेळ. दर शनिवारी दुपारी. काहीही येत नसलं तरी या."

सदोबाला काहीही येत नव्हतं. त्याला वाटलं, हे आपल्यालाच लिहिलंय. तो नाव सांगायला गेला.

बाई म्हणाल्या, "या की! फक्त येताना तुमचं पात्र ठरवून आणा."

शनिवारी सगळे जमले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर हुसेनभाई तांबोळी आले. देवळात फुलं देणाऱ्या चंपाबाई गुरव आल्या. सगळ्यांत शेवटी सदोबा आला, घामाघूम. डोक्यावर तांब्याचं भलंमोठं घंगाळ.

"हे काय आणलंत?" बाईंनी विचारलं.

"पात्र. तुम्ही ठरवून आणा म्हणालात. तानू पातेलं न्या म्हणत होती, पण मी हेच ठरवलं."

चंपाबाईंना हसू आवरेना. बाई शांतपणे म्हणाल्या, "सदोबा, पात्र म्हणजे भांडं नाही. पात्र म्हणजे माणूस. पुढच्या खेपेला एक माणूस आणायचा."

"आणतो."

पुढच्या शनिवारी सदोबानं आपल्या मेव्हण्याला आणलं. मेव्हणा शेतातून उचलून आणलेला होता आणि हातात विळा होता.

"हे माझं पात्र," सदोबा म्हणाला. "चालेल का? पण लवकर सोडा, याचं गवत कापायचं राहिलंय."

बाईंनी मेव्हण्याला चहा पाजून परत पाठवलं. मग सदोबाला समोर बसवलं.

"माणूस बाहेरून आणायचा नाही. तो आपल्या आतच असतो. तुम्ही आहात सदोबा, पण इथं बसलात की तुमच्या आतून दुसराच कुणीतरी बोलायला लागतो. समजा, चोर."

"माझ्या आत चोर आहे?"

"समजा."

सदोबानं छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ ऐकलं. "असेल," तो म्हणाला. "काहीतरी धडधडतंय."

अशा रीतीनं सदोबा चोर झाला. चंपाबाई राजकन्या झाल्या आणि हुसेनभाई मांत्रिक. राजकन्येचाच खजिना दुष्ट मामानं बळकावलेला होता आणि तिघांनी मिळून तो सोडवायचा होता. बाईंनी गोष्ट सुरू केली. चोर किल्ल्याच्या भिंतीवर चढतोय. चढेल की पडेल?

"सदोबा, फासा टाका."

सदोबानं फासा घेतला आणि खिडकीतून बाहेर टाकला.

"अरे सदोबा!" हुसेनभाई ओरडले.

"टाकला की. लांब टाकला."

सगळी वयस्क मंडळी गुडघे धरत गटारापाशी फासा शोधू लागली. सापडल्यावर बाई म्हणाल्या, "टाकायचा म्हणजे फेकून द्यायचा नाही. टाकायचं असेल ते टेबलावर टाकायचं, मधोमध. सगळ्यांना दिसलं पाहिजे."

"आता नाही चुकायचो," सदोबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तानूबाईच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा मांडायची गडबड चालली होती. तानूबाईनं कांद्याची सालं आणि चहाचा चोथा भरलेली पाटी सदोबाच्या हातात दिली. "अहो, एवढं टाकून या."

सदोबा बाहेरच्या खोलीत गेला. पाहुण्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर, मधोमध, त्यानं पाटी उलटी केली. मग दोन पावलं मागं सरकून नवऱ्यामुलाच्या वडिलांना विचारलं, "सगळ्यांना दिसतंय ना?"

सोयरीक जमली, कारण मुलगी खरंच चांगली होती. पण तानूबाईनं सदोबाला त्या दिवशी पोहे दिले नाहीत.

शनिवारी गोष्ट पुढं गेली. चोर किल्ल्यात शिरला होता. "सदोबा," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्यासमोर एक जुनं दार आहे. बंद आहे. आता काय करता?"

सदोबा उठला, खोलीचं दार गाठलं आणि सताड उघडलं. बाहेर कुणाची तरी शेळी उभी होती. ती आत आली आणि मांत्रिकाची टोपी खाऊ लागली. टोपी केळीच्या पानाची होती, चंपाबाईंनी हौसेनं केलेली.

शेळी गेली. अर्धी टोपी राहिली. बाईंनी कपाळावर हात फिरवला. "इथं उठायचं नाही, सदोबा. बसल्या जागेवरून फक्त तोंडानं सांगायचं, मी दार उघडतो. सांगितलं की उघडलं."

"एवढं सोपं?"

"एवढं सोपं."

सदोबा खुशीत घरी गेला. संध्याकाळी तानूबाई दळण घेऊन आली. डोक्यावर पिठाचा डबा होता आणि दाराला आतून कडी. तिनं पायानं दार वाजवलं.

"अहो, दार उघडा!"

सदोबा आत पलंगावर बसला होता. "मी दार उघडतो," तो म्हणाला.

तानूबाई थांबली. दार उघडलं नाही.

"अहो, उघडताय ना?"

"उघडलं की मघाशी! तूच आत येईनास!"

शेवटी शेजारणीनं मागच्या दारानं येऊन कडी काढली. तोवर तानूबाईची मान आखडली होती. ती कडाडली, "नुसतं तोंडानं काय बोलता? हातपाय हलवत जा! माणसानं जे करायचं ते खरोखर करावं!"

सदोबानं हेही लक्षात ठेवलं.

पुढच्या शनिवारी चोर खजिन्याच्या दाराशी पोचला. बाईंनी पहारेकऱ्याचा आवाज काढला. हेडबाईच त्या. आवाज काढला तो असा काढला की वाचनालयातल्या लोकांनी पेपर खाली ठेवले.

"कोण आहे रे तिकडं? थांब, तुला पकडतो!"

सदोबा खुर्चीवरून उठला आणि खरोखर पळाला. वाचनालयातून रस्त्यावर, रस्त्यावरून ओढ्यात. हुसेनभाईंनी त्याला करंजाच्या झाडाखाली गाठलं आणि दम खात परत आणलं.

बाईंना वाईट वाटलं. त्यांनी त्याला पाणी दिलं. "घाबरलात? अहो, मी खोटी पहारेकरी. हा खेळ आहे. या खोलीत कुणीही येऊ दे, कसाही दरडावू दे, तुम्ही घाबरायचं नाही आणि पळायचं नाही. चोर जसं बोलेल तसं ऐटीत उत्तर द्यायचं."

"कुणीही आलं तरी?"

"कुणीही."

इकडे गावात कुजबुज सुरू झाली होती. म्हातारी माणसं दार लावून बसतात, फासे टाकतात, ओरडतात आणि एक जण तर पळत सुटला. म्हणजे जुगारच. कुणीतरी तालुक्याला कळवलं. शनिवारी खेळ ऐन रंगात असताना दार ढकलून हवालदार आत आला.

"कुणी हलू नका! काय चाललंय इथं?"

चंपाबाईंच्या हातातला फासा गळाला. हुसेनभाईंनी दोन्ही हात वर केले. बाई काही बोलणार, तेवढ्यात सदोबा ऐटीत खुर्चीला टेकला.

"या, या. मी चोर."

"काय म्हणालास?"

"चोर. खजिना फोडायला आलोय. ही चंपाबाई राजघराण्यातली, आतली खबर हिची. हा हुसेन पहारेकऱ्यांना झोपवतो. आणि बाई आमच्या म्होरक्या. कधी काय फोडायचं ते सगळं त्याच सांगतात."

"सदोबा, गप्प बसा!" बाई म्हणाल्या.

"बघा, म्होरक्या कशा दटावतात."

हवालदार लाल झाला. "मी पोलीस आहे! कळतंय का?"

सदोबानं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग कौतुकानं बाईंकडे वळला. "यांचं पात्र आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं जमलंय. मिशीसुद्धा लावलीय." असं म्हणून त्यानं मिशी ओढून बघितली.

मिशी लावलेली नव्हती.

सगळ्यांना जीपमधून ठाण्यावर नेलं. चंपाबाई पदरानं तोंड झाकून रडत होत्या. बाई ताठ बसल्या होत्या. खोली गेली, अब्रू गेली, पारावर आता वर्षभर हाच विषय. सदोबा मात्र खिडकीतून शेतं बघत होता. "बाईंनी गाडीसुद्धा ठरवली," तो हुसेनभाईंना म्हणाला.

ठाण्यातले फौजदार तरुण होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दाखवा बघू खेळून." बाईंनी दाखवलं. दुष्ट मामाच्या हत्तीसमोर फौजदारांनी फासा टाकला, आकडा पडला एक, आणि हत्तीनं फौजदारांना सोंडेनं उचलून तळ्यात बुडवलं. ते पोट धरधरून हसले.

"माझी आई दिवसभर घरात एकटी भिंतीकडे बघत बसते," ते म्हणाले. "तिला पाठवू का शनिवारी?" त्यांनी तिथूनच वाचनालयाच्या अध्यक्षांना फोन लावला. खोली वाचली. चंपाबाईंनी डोळे पुसले. बाईंचा चेहरा फुलला.

निघताना फौजदारांनी सदोबाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही खुशाल घरी जा, सदोबा. पण तुमच्या त्या चोराला काही मी सोडायचा नाही. खजिना फोडलाय त्यानं. तो इथंच राहील."

सगळे हसले. सदोबा हसला नाही.

घरी आल्यावर तो छातीवर हात ठेवून बसला. "आत रिकामं रिकामं वाटतंय," तो तानूबाईला म्हणाला. जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं. "मी इथं पिठलं खातोय आणि तो तिकडं उपाशी."

सकाळी त्यानं डबा भरून घेतला. भाकरी, पिठलं आणि वर मिरचीचा ठेचा. पहिल्या गाडीनं तो ठाण्यावर गेला. फौजदार आले नव्हते. कालचा हवालदारही सुट्टीवर होता. दाराशी एक नवा शिपाई उभा होता.

"कुणाला भेटायचंय?" शिपायानं विचारलं.

"आमच्या चोराला. डबा आणलाय."

"चोर कालचा का?"

"कालचाच. खुद्द साहेबांनी ठेवून घेतलाय."

शिपाई आत गेला. कोठडी रिकामी होती, दार उघडंच होतं. त्याला घाम फुटला. मागोमाग सदोबानंही डोकावून पाहिलं आणि बोंब ठोकली, "पळाला! अहो, चोर पळाला!"

शिपायाला नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. त्यानं शिट्टी फुंकली. ठाण्यातले दोघं पोलीस मोटारसायकलवरून एसटी स्टँडकडे धावले. शिपायानं सदोबाला धरलं. "काका, लवकर सांगा, दिसायला कसा आहे?"

"माझ्यासारखाच."

"उंची?"

"एवढीच." सदोबानं आपल्याच डोक्यावर हात ठेवला.

"कपडे?"

"हेच."

"काही खूण?"

"डाव्या कानावर तीळ. हा बघा."

शिपायानं तीळ बघितला. मग सदोबाकडे बघितलं. मग झडप घालून त्याची गचांडी पकडली. "अरे, मग तूच की रे तो!"

सदोबा क्षणभर विचारात पडला. त्यानं छातीवर हात ठेवून ऐकलं. आत धडधडत होतं. त्याचा चेहरा उजळला.

"सापडला!" तो ओरडला. "शाबास रे पोरा! सोडू नको त्याला!"

शिपायानं त्याला कोठडीत घातलं आणि डबाही आत सरकवला. सदोबानं मांडी घातली, चोराला पोटभर जेवू घातलं आणि ढेकर दिली.

दुपारी तानूबाई आगवणे बाईंना घेऊन धापा टाकत आली. फौजदारही पोचले होते. त्यांनी कपाळ बडवून घेतलं आणि स्वतः कुलूप काढलं.

"चला," तानूबाई म्हणाली. "उठा आता. घरी चला."

सदोबा जागचा हलला नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "मी कसा येऊ, वहिनी? मी चोर. तुमचे मालक डबा देऊन सकाळीच गेले. अजून घरी पोचले नाहीत का?"