दहाव्याला न वाचलेला कागद

दोन गावांच्या मधून एक नदी वाहत होती, आणि त्या नदीवर एका म्हाताऱ्या नावाड्याची होडी चाले. त्याचा थोरला मुलगा लांबच्या गावी राहत होता. धाकटा तापानं गेला, तेव्हा त्याच्या बायकोनं पदर खोचला आणि सासऱ्यासोबत वल्हं धरलं. अकरा वर्षं तिनं ते सोडलं नाही.

एक दिवस नावाडी आपल्या मित्राकडे, गावच्या वैद्याकडे गेला. म्हणाला, "माझ्यामागे होडी सुनेला मिळावी, असं लिहून ठेव. थोरला सज्जन आहे, पण त्याला इथलं काय ठाऊक? माझ्या दहाव्याला सगळे जमतील, तेव्हा वाचून दाखव. एवढं तू पार पाड."

वैद्यानं मृत्युपत्र लिहिलं. नावाड्यानं अंगठा उठवला, दोन साक्षीदारांनीही उठवला. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि आत काय आहे हे त्यांनी विचारलंही नाही.

माघात नावाडी वारला.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे पिंपळावर बसून राहिले, एकही खाली येईना. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. थोरला हात जोडून म्हणाला, "बाबा, दरवर्षी श्राद्ध घालीन. तुमच्या नावानं घाटाला पायऱ्या बांधीन." तरी कावळा हलला नाही.

वैद्याच्या खिशात कागद होता. पण वैद्य पडला भिडस्त. मुलाचे डोळे ओले असताना चारचौघांत वाटणीचं बोलायचं, लोक काय म्हणतील? तेराव्यानंतर सांगू, असं त्यानं ठरवलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी घरी गेली.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मग वाटलं, महिना तरी होऊ दे. भल्या माणसाला निमित्तांचा तोटा नसतो.

इकडे थोरल्यानं सुनेला विचारलं, "होडीबद्दल बाबा काही बोलले होते का?"

"मला काही बोलले नाहीत," ती म्हणाली. मागून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

थोरल्यानं होडी लाकडाच्या व्यापाऱ्याला विकली. चार दिवसांत तिच्या फळ्या झाल्या. सून माहेरी गेली आणि भावजयीच्या हाताखाली राबू लागली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथं भीड वैद्याची होती, भीक मात्र सुनेच्या पदरी पडली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा वैद्याला राहवेना. तो कागद घेऊन थोरल्याकडे गेला. थोरला डोकं धरून बसला. "वैद्यबुवा, हे तेव्हाच कळलं असतं तर मी होडीला हात लावला नसता. आता कुठून आणू?"

मग वैद्य सुनेच्या माहेरी गेला. ती अंगणात भांडी घासत होती. त्यानं वाचून दाखवलं, "होडी माझ्या सुनेची. ती होती म्हणून मी म्हातारपणी एकटा पडलो नाही."

तिचे हात थांबले.

"होडीचं एवढं नाही, वैद्यबुवा," ती म्हणाली. "जाताना मामंजींना माझी आठवणही झाली नाही, असंच मी धरून चालले. वर्षभर त्यांच्यावर रागावले. त्यांच्या नावानं एकदाही दिवा लावला नाही."

आणि राखेच्या हातांनीच तोंड झाकून ती रडू लागली. वैद्य कागद हातात धरून तसाच उभा राहिला.

तात्पर्य: गेलेल्याचा शब्द आपल्याकडे येतो तो जपून ठेवायला नव्हे, वेळेवर पोचवायला. उशीर आपण करतो, आणि बोल लागतो तो बोलू न शकणाऱ्याला.