घाटावरचा धोंडबा

माणसं कावळ्यांना अजून पाहुण्यासारखं मानत, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या घाटावर धोंडबा कावळा दहाव्याच्या पिंडांचा भात खाऊन खाऊन मडक्यासारखा फुगला होता. एके दिवशी कुत्रं धावून आलं, तर त्याला उडताच येईना. कसाबसा निसटला, पण शेपटीची तीन पिसं कुत्र्याच्या तोंडात राहिली. छाती संध्याकाळपर्यंत धडधडत होती.

"अहो, आता तरी भात सोडा," कावळीण रडत म्हणाली. "नाहीतर मलाच तुमचा पिंड मांडावा लागेल."

"मी काय जिभेसाठी खातो होय? मी सोडला तर मेलेल्या माणसांचं कसं व्हायचं?"

"लोक तुम्ही शिवायची वाट बघतात. पत्रावळ चाटूनपुसून साफ करा, असं कुणी हात जोडून म्हटलंय का?"



दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी नवऱ्याच्या पिंडापुढे बसली होती. शेजारी म्हाताऱ्याच्या आवडीची भजी होती. धोंडबा उतरला. त्याने एकाच शिताला चोच लावली. म्हातारीने डोळे पुसले.

धोंडबाने भज्यांकडे एकदा पाहिलं आणि जड पंख उचलले. पिंपळाच्या सगळ्यात खालच्या फांदीपर्यंतच तो पोचला. वर बसलेली कावळीण खाली उतरली आणि त्याच्या शेजारी बसली.