खाडीतले निळे पिल्लू

सकाळचे सात वाजले होते. शिंपलेवाडीच्या खाडीत ओहोटी लागली होती. गावच्या होड्या खाडीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांच्या आतल्या बाजूला पाणी अचानक फुगले आणि एक निळसर पाठ वर आली. ती संपता संपेना. मग 'फुस्स' करून उंच फवारा उडाला.

"देवमासो!" जानू ओरडला. तो गावचा तांडेल, म्हणजे सगळ्या होड्यांचा म्होरक्या.

तो निळा देवमासा होता खरा, पण अजून आईच्या दुधावरचे पिल्लू. हो, दूधच! देवमासा अंडी घालत नाही. तो पाण्यावर येऊन हवेत श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो. पिल्लाची आई खाडीबाहेर खोल पाण्यात होती. निळ्या देवमाशाएवढा अवजड प्राणी पृथ्वीवर दुसरा नाही. त्याची जीभच हत्तीच्या वजनाची. पण त्याला दात नसतात. तोंडात केसाळ झालर असते. त्या झालरीतून तो समुद्राचे पाणी गाळतो आणि जवळ्यासारखे बारीक जीव खातो. त्याच्या घशातून माणूस उतरूच शकत नाही.

होड्यांतल्या कोणाला हे ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे असेही कधी कोणाला वाटले नव्हते.

तेवढ्यात होड्यांच्या फळ्या थरथरल्या. आवाज कानांना आला नाही, तळपायांना आला. बाहेरून आई पिल्लाला हाक मारत होती. ती हाक इतकी खोल असते, की माणसाला ती धड ऐकूही येत नाही.

"तळाक आसा तो! होडीसकट गिळतलो!" धोंडू मेतर किंचाळला.

या गावाची एक रीत होती. मासा किनाऱ्यालगतच्या जाळ्यात हाकायचा, तर समुद्राकडून होड्यांतले रिकामे डबे बडवायचे. आवाजाला भिऊन मासा किनाऱ्याकडे पळतो. घाबरलेल्या जानूला दुसरे काही सुचलेच नाही.

"बडवा डबे! पळतलो तो!"

डबे कडाडले. पिल्लू पळाले, पण किनाऱ्याकडे. तिथले पाणी ओहोटीने झपाट्याने उतरत होते.

जानूची मोठी बहीण शेवंता कडेच्या खडकांवर कालवे, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, काढत होती. तिने आपली लहानशी होडी जोरात वल्हवत आणली.

"जानग्या, डोका ठिकाणार आसा? डबे बडवून मासो खंय हाकतंव आपण? किनाऱ्याक! मग ह्येका खंय धाडतंस?"

"आक्का, तो होडी उलटी करतलो!"

"भिया वाटता? मग तोंड मिटून भी. पण वाट सोड!"

सगळे जानूकडे पाहत होते. सोडलेला हुकूम तांडेलाने मागे घ्यायचा, तोही बहिणीने भर खाडीत झापल्यावर! जानू होडीत उठून उभा राहिला.

"माझा चुकला. डबे खाली ठेवा. वाट करा."

होड्या बाजूला झाल्या. खाडी गप्प झाली. पिल्लू थबकले. हळूच वळले. त्याची काळी सावली होड्यांच्या दिशेने सरकू लागली. कोणी डोळे मिटले, कोणी देवाचे नाव घेतले. जानूने वल्हेही हलवले नाही. खुला समुद्र आता अगदी जवळ होता.

आणि एक डबा वाजला.

एकच. पण जोरात, पुन्हा पुन्हा.

पिल्लू उसळले, फिरले आणि थेट रेतीत घुसले. पाणी निघून गेले. पाण्याबाहेर देवमाशाचे स्वतःचे वजनच त्याची छाती दाबते. गावाने त्याच्या अंगावर ओली लुगडी घातली, कळशीने पाणी ओतले, खांदे लावून ढकलले. शेवंता त्याच्या डोळ्यापाशी बसून राहिली. भरती येण्याआधीच फवारा थांबला.

संध्याकाळी जानूने सगळ्या गावासमोर आपली चूक कबूल केली. मग विचारले, "तो शेवटचो डबो कोणी बडवल्यान?"

त्या होड्यांतली सगळी माणसे आजही गावात आहेत. तो डबा कोणी वाजवला, हे अजून एकानेही सांगितलेले नाही.

तात्पर्य: भिणे हा गुन्हा नाही; पण ज्याची ओळखच करून घेतली नाही, त्याच्यावर भीतीपोटी केलेला गोंगाट जीव घेतो, आणि नंतर गप्प बसणारेही त्यात वाटेकरी होतात.