एकाच नळीवरचे दोन ठोकळे

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, माझे शब्दही साधेच आहेत.

पूर्वी माझ्या एका कॉम्प्युटरमध्ये तांब्याचा एक ठोकळा पोटातून पाणी खेळवून पडद्यावर चित्रं उमटवणारं, चटकन तापणारं ग्राफिक्स कार्ड थंड ठेवायचा. मग मी शेजारी आणखी एक नवं कार्ड लावलं आणि त्याच्यावर तसाच, पण दिव्यांचा, काचेचा ठोकळा बसवला. येणारा जो तो दोघांकडे बघून काचेचंच कौतुक करी.

"आता मी भंगारात!" तांब्याचा ठोकळा, म्हणजे आपला तांबोबा, जळफळला. त्याने पाणी पोटातच अडवलं. "ताप आता, नवरदेवा!"

"तांबोबा, आपली नळी एकच आहे," काचेचा ठोकळा म्हणाला. "पाणी फिरलं नाही तर तुम्हीही तापाल."

दोन्ही कार्डं तापली आणि कॉम्प्युटर बंद पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तुंबलेला तांब्याचा ठोकळा काढला, घासून परत बसवला, आणि त्याच्यावरही एक छोटा दिवा लावला. मग पाणी पुन्हा दोघांतून खेळू लागलं.